पाण्याचा मुक्काम

आमच्या विहिरीच्या काठाशी एक दगडी डोण आहे. एकाच काळ्या दगडातून कोरलेली, कडा हाताच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेली. गुरं होती तोवर ती पाण्याने भरलेली असे. गोठा रिकामा झाला तरी डोण जागची हलली नाही. सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी तिच्यापाशी जाऊन उभी राहते. पोफळीच्या झापांतून गाळून आलेलं ऊन पाण्यावर हलत असतं. तळाशी कुजत आलेलं फणसाचं पान, कडेने शेवाळाचा मऊ थर आणि मधल्या स्वच्छ पाण्यात गप्पी मासे. मादी फिकट, पोटाने जड. नर तिच्या निम्मा, पण शेपटीवर केशरी आणि निळा रंग मिरवणारा. पृष्ठभागाला उलट्या लटकलेल्या डासांच्या अळ्या दिसतात न दिसतात, तोच खालून एक मासा वर येतो आणि पाण्यावर बारीकसं वर्तुळ उमटतं. मग दुसरं. कप रिकामा होतो आणि तरी पाय तिथून निघत नाहीत.

हे मासे इथले नाहीत. साठवणीच्या पाण्यात डास होऊ नयेत म्हणून आरोग्य खात्याची माणसं गावोगाव गप्पी मासे देतात, तसे ते आमच्याकडे आले. त्यांचं मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला आणि त्रिनिदाद बेटावर. १८६६ साली तिथून लंडनच्या संग्रहालयात त्यांचे नमुने पोचले आणि १९०८च्या सुमारास डासांचा बंदोबस्त करण्यासाठी ते हिंदुस्थानात आणले गेले. इतक्या लांबून आलेला जीव राजापूरच्या एका डोणीत बिनबोभाट नांदतो. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि साधारण महिन्याला एक वीण होते. पिल्लं जन्मतात त्याच क्षणी त्यांना पोहता यावं लागतं, कारण मोठे मासे त्यांना खातात. म्हणून पाण्यात थोडी हायड्रिलासारखी वनस्पती असावी, पिल्लांना लपायला जागा होते.

डोणीतल्या माशांना खायला घालावं लागत नाही. अळ्या आणि शेवाळ त्यांना पुरतं. वरून पोळीचा चुरा टाकण्याची हौस आवरावी, कारण न खाल्लेलं अन्न कुजतं आणि पाणी नासतं. डोण घासूनपुसून लख्ख करायचीही नसते. शेवाळाचा पातळ थर हा त्या पाण्याचा संसार आहे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचं ऊन थेट पडत असेल तर वर एखादं झाप आडवं टाकावं, उथळ पाणी फार तापतं. आणि जून लागण्याआधी एक काम न विसरता करावं. डोणीच्या कडेला पाणी बाहेर पडायची जी खाच असते, तिच्यावर बारीक जाळी घट्ट बसवावी. नाहीतर आषाढात डोण भरून वाहते आणि मासे त्या पाण्याबरोबर पऱ्यात जातात.

पऱ्यात गेले तर काय बिघडलं, असं कोणी विचारेल. पऱ्यात आधीपासून राहणारी मंडळी आहेत. भातखाचरांच्या कडेने, वहाळाच्या संथ डोहात एक छोटा मासा असतो, डोक्यावर मधोमध चमकणारा ठिपका घेऊन पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरणारा. वरून वाकून बघितलं तर आधी तो ठिपका दिसतो आणि मग मासा. डासांच्या अळ्या तोही खातो आणि गप्पी इथे यायच्या कितीतरी आधीपासून खात आला आहे. बाहेरून आलेला, महिन्याला पिल्लं देणारा मासा त्याच्या डोहात शिरला, की जागा आणि अन्न दोन्हींची वाटणी सुरू होते. डोणीतला मासा डोणीत, पऱ्यातला पऱ्यात. मासे पाळणाऱ्याने एवढी एक शिस्त पाळली तरी पुष्कळ झालं.

घरात एक काचेची टाकीही आहे, भाचीच्या हट्टाने आलेली. टाकी आली त्याच संध्याकाळी तिला त्यात मासे हवे होते, आणि मी तिला थांबायला सांगत होते. लहान मुलाला थांबायला शिकवण्यासाठी याहून चांगलं निमित्त मला माहीत नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो त्यांनाच विषारी असतो. तो आधी नायट्राइटमध्ये आणि मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये बदलण्याचं काम जिवाणू करतात. हे जिवाणू वाळूत, दगडांवर, फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी कितीही नितळ दिसलं तरी ते तयार झालेलं नसतं. सुरुवातीला दोन-चार दणकट मासे, अगदी चिमूटभर खाणं, मग हळूहळू भर. खाणं दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. टाकी खिडकीच्या थेट उन्हात ठेवायची नाही, काच हिरवी होते. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, नळाखाली नाही, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं.

विहिरीचं पाणी वापरणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. पावसाळ्यात विहिरीत क्लोरीन असलेली टीसीएल पावडर टाकतात, ते पाणी लगेच टाकीत ओतायचं नाही. पसरट भांड्यात दिवसभर उघडं ठेवावं, शक्य झालं तर उन्हात. दुसरं म्हणजे जांभ्यातून झिरपलेलं आपलं पाणी मऊ आणि किंचित आम्ल असतं. गप्पींना जरा जड पाणी मानवतं. त्यासाठी बाजारातून काही आणायची गरज नाही. जेवणातल्या तिसऱ्यांची रिकामी शिंपलं स्वच्छ उकळून तळाशी ठेवली की ती सावकाश विरघळत राहतात आणि पाण्याला हवा तेवढा चुना मिळतो.

आठवड्याला टाकीतलं पाव हिस्सा पाणी बदलायचं असतं. सगळं कधीच नाही. टाकी स्टुलावर, बादली जमिनीवर, मध्ये एक लवचिक नळी. नळी पाण्याने भरून एक टोक टाकीच्या तळाशी धरायचं आणि दुसरं बादलीत सोडायचं. पाणी आधी वर चढतं, काचेची कड ओलांडतं आणि मग आपोआप खाली पडत राहतं. नळीचं आतलं टोक पाण्याबाहेर येईपर्यंत ते थांबत नाही. तळाचा गाळही त्याबरोबर निघून येतो. भाची हे काम डोळे मोठे करून बघत असते. पाणी वर कसं चढलं, हा तिचा दर वेळचा प्रश्न. तिला उत्तर देता देता एकदा माझ्या मनात आपली गंगा आली.

राजापुरातल्या माणसाला गंगा म्हटल्यावर उत्तरेकडे बघावं लागत नाही. ती शहराजवळच, उन्हाळे गावच्या टेकडीवर आहे. चौदा कुंडं. एरवी कोरडी, दगडी, पाचोळा पडलेली. आणि मग एखाद्या दिवशी मूळ गंगा म्हणतात त्या कुंडातून पाणी उसळतं, काशीकुंडाच्या गोमुखातून धार पडू लागते, बातमी वाऱ्यासारखी पसरते आणि लोक आंघोळीला लोटतात. दर तीन वर्षांनी येते, सुमारे तीन महिने राहते, असं जुनी माणसं सांगत आली. पण ती त्या हिशेबाला बांधलेली नाही. कधी लवकर येते, कधी तोंड दाखवत नाही, कधी मुक्काम वाढवते. तिच्या येण्याचं एक शास्त्रीय स्पष्टीकरण दिलं जातं ते असं: डोंगराच्या पोटातल्या पोकळीत झिरपलेलं पाणी साचत जातं, ते एका वाकड्या वाटेच्या माथ्यापर्यंत चढलं की पलीकडे उतरू लागतं, आणि पोकळी ठरावीक पातळीपर्यंत रिकामी होईपर्यंत वाहतच राहतं. माझ्या हातातली नळी आणि उन्हाळे गावची टेकडी एकच नियम पाळत असतील, या विचाराने श्रद्धेला धक्का बसत नाही. मला तरी उलट वाटलं. भरेपर्यंत थांबायचं आणि मग हात न आखडता देऊन टाकायचं, हे डोंगरालाही करावं लागतं. कुंडांतलं गार पाणी अंगावर घेताना हे आठवलं, तर हात अधिक मनापासून जोडले जातात.

आमच्या भागात पाण्याचं सारंच असं आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. श्रावणात छपरावरच्या पागोळ्यांच्या आवाजात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, आणि होळी झाली की विहिरीचा तळ दिसायला लागतो. जांभ्याचा दगड पाणी धरत नाही, खाली सोडून देतो. तेव्हा इथे झाड लावायचं, मासा पाळायचा, वाफा करायचा म्हणजे पाणी कुठे थांबवायचं आणि कुठून सोडून द्यायचं, हे ठरवावं लागतं. बाकी सगळं त्यानंतर येतं. आमच्या शेजारचे काका हे फार थोडक्यात सांगतात. कोणी कलम लावायला त्यांचा सल्ला मागितला की म्हणतात, "आधी पाणी जातं कुठून ते बघ, मग खड्डा मार."

कलमांच्या बाबतीत काका सांगतात आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ सांगतं, ते फारसं वेगळं नाही. हापूससाठी लांबी-रुंदी-खोली एकेक मीटरचा खड्डा, दोन झाडांत दहा मीटर अंतर. कातळावर हा खड्डा म्हणजे मोठं काम, पहारीने होतं तिथे पहारीने, नाहीतर सुरुंगाने. खड्डा मे महिन्यात तापू द्यावा. मग चांगली माती आणि कुजलेलं शेणखत भरावं आणि पाऊस स्थिरावला की कलम लावावं. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. त्या जोडाच्या खालून फुटणारा प्रत्येक कोंब काढून टाकायचा, तो कितीही तजेलदार दिसला तरी. तो खालच्या रायवळ कोयीचा असतो आणि त्याला वाढू दिलं तर हापूसची फांदी मागे पडते. बाजूला काठीचा आधार द्यायचा, बांधायचं ते सैल, सुंभाने. आणि ज्या खड्ड्यात पाऊस थांबल्यावरही पाणी उभं राहतं, त्याला उताराच्या अंगाने चर काढून द्यायचा. कातळात बंद झालेल्या खड्ड्यात कलम तहानेने मरत नाही. मुळांना हवा न मिळाल्याने गुदमरतं.

म्हणूनच नारळाचं आळं पावसाळ्यात मोडतात आणि दसरा झाला की पुन्हा बांधतात. लहानपणी मला हा नुसता दुहेरी खटाटोप वाटायचा. आता ते मातीचं गोल कडं बांधताना हाताला कळतं, की हे महिन्यांशी केलेलं बोलणं आहे. आश्विनात कडं बांधायचं, आत सुकी पानं आणि नारळाची सोडणं अंथरायची, उन्हाळाभर त्याखाली ओल टिकते. ज्येष्ठात तेच कडं फोडून बुंध्याशी मातीची भर द्यायची, म्हणजे पाणी अंगावरून निघून जातं. पाणी तेच, झाड तेच. महिना बदलला की त्यांच्यातलं अंतर बदलायचं.

परड्यातल्या पावसाळी भाजीलाही हेच. मृगाच्या आधी राख-शेण मिसळून मातीचे उंचवटे करायचे आणि पडवळ, दोडकी, कारली, काकडीचं बी त्यांच्यावर टोचायचं. सपाट वाफ्यात पेरलेलं बी पहिल्या मुसळधारेत कुजतं. मांडव आधी उभारून ठेवावा, वेल वाट बघत नाहीत. पडवळ धरलं की त्याच्या टोकाला दोरीने लहानसा दगड बांधायचा. त्याने ते सरळ वाढतं, नाहीतर वळून बसतं. मांडवाखाली उभं राहून वर पाहिलं, की पांढरी फुलं कातरलेल्या दोऱ्यांसारखी दिसतात आणि त्यांच्यामधून दगड बांधलेली पडवळं स्तब्ध लोंबत असतात. मला परड्यातलं हे दृश्य फार आवडतं. पाऊस थोडा थांबलेला असतो आणि मांडव स्वतःचा वेगळा, उशिराचा पाऊस पाडत असतो.

श्रावण-भाद्रपदात घरात बसवत नाही. सड्यावर जावंसं वाटतं. मे महिन्यात ज्या कातळावर पाय टेकवत नाहीत, तिथे आता बोटभर मातीत गेंदाची पांढरी बटणं उभी असतात, सीतेची आसवं जांभळी-निळी पसरलेली असतात, आणि खळग्यांतल्या पाण्यात बेडकांची पिल्लं गर्दी करून असतात. सीतेच्या आसवांची नाजूक फुलं बघणाऱ्याला कळतही नाही, की खाली ओल्या मातीत या रोपाचे बारीक फुगे सूक्ष्म जीव पकडत आहेत. या पातळ मातीत नत्र नाही, ते मिळवायचा त्याने काढलेला हा मार्ग. सडा बघायला फार काही लागत नाही. एक भिंग, घसरणार नाही अशी चप्पल, आणि उकिडवं बसायची तयारी. चालायचं ते उघड्या दगडावरून, फुलांच्या गालिच्यातून नाही. आणि रोप उपटून घरी आणू नये. जी वनस्पती दोन-अडीच महिन्यांच्या पाण्यावर जन्मते, फुलते आणि बी टाकून जाते, तिला कुंडीत बारमाही पाणी देऊन आपण नक्की काय जपणार?

याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, कशेळी, ही सगळी आपल्या राजापूर तालुक्यातली. २०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली आणि दुरून लोक येऊ लागले. कशेळीला कातळावर भलामोठा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या अंगाच्या आत इतर कितीतरी प्राणी. समुद्रातले मासेही त्यांत आहेत. पावसात त्या रेषांच्या खाचांत पाणी उभं राहतं. ज्याने ते मासे कोरले, त्यालाही इथलं पाणी येतं आणि जातं हे ठाऊक असणार. त्याने मासा अशा ठिकाणी ठेवला, की पाणी आलं तर तो पाण्यात असावा आणि गेलं तरी तिथेच असावा. हा अर्थ मी लावते आहे, त्याचा असेलच असं नाही. पण सड्यावर एकटीने उभं असताना तो खोटा वाटत नाही.

खरे मासे मात्र पहिल्या लोंढ्याला उलटे चढतात. चढणीच्या माशांचे ते दिवस कोकणात कोणाला सांगावे लागत नाहीत. पऱ्याला लाल पाणी आलं, की मासे प्रवाहाच्या विरुद्ध वर सरकतात, भातखाचरांच्या उथळ पाण्यात अंडी घालायला. रात्री बॅटऱ्या घेऊन लोक बाहेर पडतात, कोणी खोयनं लावतो, कोणी जाळं. पावसात भिजत, कुजबुजत, पायाला काहीतरी चाटून गेल्यावर दचकत केलेल्या त्या मासेमारीची मजा मी नाकारणार नाही. पण त्या दिवसांत जवळजवळ प्रत्येक मासा गाबोळीने भरलेला असतो. समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, ती याचसाठी. पऱ्यावर तो नियम आपला आपण घालून घ्यावा. गळ टाकून बसायची हौस असेल तर नारळी पौर्णिमा जाऊ द्यावी. मग जैतापूरच्या खाडीकाठी भरतीच्या सुरुवातीला बसावं, आणि बोटभर लांबीचं पिल्लू लागलं तर ओल्या हाताने गळातून सोडवून परत पाण्यात द्यावं. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासाही मग जगत नाही.

आपलं शहरच पाण्याच्या येण्याजाण्यावर उभं राहिलं आणि त्यावरच अडलं. सतराव्या शतकात राजापूर मोठं बंदर होतं. इंग्रजांची वखार इथे होती आणि १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूरवर चालून येऊन तिला दणका दिला. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि मोठी गलबतं वरपर्यंत येईनाशी झाली. तोच गाळ आता दुसऱ्या रीतीने भेटतो. अर्जुना आणि कोदवली शहराशी एकत्र येतात आणि मोठा पाऊस लागला की जवाहर चौकात पाणी भरतं. दुकानदार माल वरच्या फळीवर चढवतात, पाणी किती चढेल याचा अंदाज घेत रात्र काढतात. डोणीच्या खाचेत पानं अडकली की डोण भरून वाहते. नदीचंही फार वेगळं नसतं. डोंगरावरची माती झाडांनी धरून ठेवली नाही, तर ती खाली येऊन नदीची वाट अडवते. परड्यातल्या चरात साचलेली माती मी पावसाळ्यानंतर खरवडून वाफ्यात परत टाकते, तेव्हा हा चौक माझ्या डोळ्यांसमोर असतो.

आमच्या सड्याच्या कडेला एक बंद पडलेली चिरेखाण आहे. चिरे काढून झाले, यंत्रं गेली, आणि सरळ कापलेल्या भिंतींचा एक चौकोनी खड्डा मागे राहिला. पावसाळ्यात तो भरतो आणि फेब्रुवारीपर्यंत त्यात पाणी असतं. त्याचं काय करायचं, हा सध्या वाडीतला विषय आहे. काकांना त्यात रोहू-कटला सोडायचे आहेत. मागूर कोणी सुचवला तर ते तिथल्या तिथे मोडून काढतात, कारण बंदी असलेला परदेशी मागूर पुराच्या पाण्याबरोबर पऱ्यात गेला तर दुसरं काही शिल्लक ठेवणार नाही. भाचीला तिथे कमळं हवीत. कोणी म्हणतं, तळाशी प्लास्टिक अंथरून पाणी मेपर्यंत टिकवू आणि कलमांना घालू. मला वाटतं, एक वर्ष काहीच सोडू नये. बेडूक येतील, चतुर येतील, पाणकोंबडी येईल, वाऱ्याबरोबर कुठलं तरी बी येईल. कोण आपणहून येतं आणि किती दिवस राहतं, ते बघून मग ठरवावं.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत झालं आहे. त्या उभ्या भिंतींवरून वासरू पडलं किंवा पोर पडलं तर वर यायला वाट नाही. म्हणून पावसाच्या आधी एका बाजूला माती-दगडांचा उतार करून घ्यायचा आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना निवडुंग लावायचा. येत्या रविवारी टोपल्या आणि पहारी घेऊन जायचं ठरलं आहे. रोहू की कमळ, ते पाणी आल्यावर बोलू.